अर्थिंग

तिसरा रेडिएटर श्रेणिक मगदूमनं पोत्यात गुंडाळून आणला.
आठ महिन्यांत तिसरा.
उद्यमबागेतल्या माझ्या दुकानात बाकड्यावर ठेवला
आणि स्वतः उभाच राहिला,
दवाखान्यात उभे राहतात तसा.

मी बल्बसमोर धरला.
सात ठिकाणांहून उजेड आला,
सुईच्या टोकाएवढा.

"दगड नाही लागला, अक्का. ठोकर नाही.
आर्गॉनचं वेल्डिंग आप्पालालनं केलंय, हुबळीपर्यंत नाव आहे त्याचं.
मग खातंय कोण ह्याला?"

गाडी त्याची स्वतःची, म्हणजे कुठल्या कंपनीची नव्हे.
लिलावातल्या जीपची चासी, इंजिन कोल्हापूरहून,
फायबरची बॉडी निपाणीत तंबाखूच्या रिकाम्या वखारीत
चार वर्षं बसून ओतलेली.
हेडलाइट कशाचे, विचारू नये.
अशा गाडीला पुस्तक नसतं.
कुठला नट कुठून आला ते बनवणाऱ्याला माहीत,
आणि तोही विसरतो.

माझे वडील इंडालला होते.
बाहीच्या दुमडीत पांढरी भुकटी घेऊन यायचे,
आई ती परसात झटकायची.
म्हणायचे, लोखंड गंजतं ते गावभर सांगत,
तांबं हिरवं पडतं,
ॲल्युमिनियम मात्र हवा लागली की
आपल्या अंगावर आपणच साय धरतं,
दिसणारसुद्धा नाही इतकी पातळ.
साय राहिली तर नातवंडांना पुरेल.
ती जाते कशानं, ते त्यांनी सांगितलं नाही.
किंवा मी ऐकलं नाही;
मला तेव्हापासून भट्टीपेक्षा मीटर आवडायचे.

गाडी दारात होती.
तिच्यावर जुना, दुसरा रेडिएटर, भोकांना साबण थापून.
मी झाकण काढलं, काळी तार बॅटरीच्या उण्याला लावली,
लाल टोक नुसतं पाण्यात सोडलं, कडेला न टेकवता.
दशांश शून्य चार.
श्रेणिकनं श्वास सोडला.
"आता पंखा लाव," म्हटलं.

दशांश सहा.

सापडली.
पंख्याची काळी तार रेडिएटरच्याच कानाला आवळलेली.
फायबरच्या अंगात दुसरीकडे लोखंड मिळालं नाही म्हणून.

"वीज वाईट नसते रे. तिला घरी जायचं असतं.
वाट दिली नाहीस तर पाण्यातून जाते,
आणि जाता जाता जे मऊ असेल ते खाते."

"म्हणजे आपल्या सीमाभागासारखंच की," तो म्हणाला.
"नको," मी म्हटलं.
"इथं दर गोष्टीचं तेच करतात.
मी पंख्याबद्दल बोलतेय."

मग दुपारपर्यंत कानस.
प्रत्येक बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा केला,
करंगळीएवढी जाड तार इंजिनावरून चासीला,
चासीवरून बॅटरीला.
पंख्याची तार तिकडेच नेली, वेगळी.
ट्रकच्या ट्यूबचे चार तुकडे कापून
नवा रेडिएटर त्यावर बसवला,
कुठंच लोखंडाला शिवत नाही असा.
बोअरचं पाणी गटारात.
डिस्टिल्डचे कॅन, हिरवा कूलंट, निम्मं निम्मं.
खाली बुचात जस्ताचा एक तुकडा.

"ह्याचं काय होणार?" त्यानं विचारलं.
"झिजणार. रेडिएटरच्या आधी ह्याला खाऊ दे.
वर्षानं बुच काढून बघ, उरला नसेल तर दुसरा घाल."
तो त्या तुकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

रविवारी फोन आला, चोर्ला घाटातून.
"अक्का, सुई हलंना झालीय बघा! पंखा ऐका!"
बॉनेटपाशी फोन धरला असेल.
मला फक्त वारा ऐकू आला.
"पाणी बघितलंस का?" मी विचारलं.
"थोडं कमी वाटलं. घातलं की."
"कसलं?"
पलीकडे वारा.
"एक बाटलीच फक्त," तो म्हणाला, "कणकुंबीचं.
मलप्रभेच्या उगमाचं, अक्का. शुद्ध."

मी मीटरचा सेल बदलायला घेतला.